कौसावहिनींची मिठाची बादली

फोन आला तेव्हा मी नळाची वाट पाहत ओट्यावर बसलो होतो. आमच्या पुंडलिकनगरात नळ रोज येत नाही, आणि ज्या दिवशी यायचा असतो त्या दिवशी घरातलं एक माणूस बाहेर कुठे जात नाही. ते माणूस बहुतेक वेळा मीच असतो. फोन जालन्याहून मीराचा होता. मीरा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती मुलगी. म्हणाली, "काका, आई गेली. चहाला उठवायला गेले तर…" पुढचं तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "निघतो आम्ही," एवढं म्हणून फोन ठेवला आणि त्याच वेळी नळातून हवेचा आवाज आला, मागोमाग पाणी आलं. मी उठून मोटार लावली. टाकी भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो. मग पिंप भरलं, बादल्या भरल्या, पाइप गुंडाळून खुंटीला अडकवला आणि त्यानंतर आत जाऊन सुमनला, माझ्या बायकोला, सांगितलं की कौसावहिनी गेल्या. तिनं माझ्या ओल्या हातांकडे पाहिलं. "फोन कधी आला?" मी खरं तेच सांगितलं. ती उठून पिशवी भरायला लागली.

मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. वहिनी माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, पण मी कॉलेजात असताना त्या आमच्या घरात आल्या आणि तेव्हापासून मला मोठ्याच वाटत आल्या. आयुष्याचा बराचसा काळ आम्ही एका छपराखाली काढला. शेवटची काही वर्षं त्या लेकीकडे जालन्याला होत्या. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर माणूस जातं तेव्हा आत काहीतरी हलेल असं मला वाटलं होतं. हललं नाही. फक्त पाणी बघितलं की मी थोडा वेळ तसाच उभा राहतो, एवढंच.

तेराव्याला जेवणाआधी मीराचे चुलतसासरे बोलायला उभे राहिले. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज खणखणीत. ते म्हणाले, या माउलीचा त्याग आपल्याला ठाऊकच आहे. संधिवातानं हातपाय आखडलेले असताना, दुष्काळाच्या वर्षी या बाईंनी स्वतःच्या दुखण्यावरची गरम पाण्याची बादली आपणहून सोडली, पतीनं लावलेलं झाड जगावं म्हणून. पाणी वाचावं म्हणून आपले लांबसडक केस कापून टाकले. मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. काही जणांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, कारण मी त्या माउलीचा दीर. मीही मान हलवली. ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली ती माझ्याच तोंडून निघून. आणि ती खरी नाही.

तरीही मी कदाचित गप्पच राहिलो असतो. माणूस गेलं, चांगलं बोललं जातंय, बोलू द्यावं. पण पंगतीत मीरा वाढत होती आणि वरणाचं पातेलं तिनं बोटांनी धरलं नव्हतं, दोन्ही मनगटांत पेललं होतं. सुमननं ते पाहिलं. हात धुताना तिनं मीराची बोटं हातात घेतली. सांधे सुजलेले, तापलेले. वहिनींचे सुरुवातीला होते अगदी तसे. "डॉक्टरला दाखवलंस का?" सुमननं विचारलं. मीरा हसली. "काकू, आईनं एवढ्या दुखण्यात पाण्याची बादलीसुद्धा सोडली. मी काय एवढ्याशा बोटांचं घेऊन बसू?" असं म्हणून तिनं पुन्हा ते पातेलं मनगटांवर उचललं आणि पुढच्या पंगतीकडे गेली… मी पानावरून उठलो. त्या दिवशी ठरवलं की हे सांगायचं.

वहिनी गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून लग्नानंतर काही वर्षांनी शहरात आल्या. अण्णा, म्हणजे माझा भाऊ, वाळूजच्या एका कारखान्यात लागला होता. मी पाटबंधारे खात्यात कारकून. आम्ही दोघांनी मिळून पुंडलिकनगरात प्लॉट घेतला. तेव्हा इथं बाभळी होत्या आणि रस्ता म्हणून जे होतं त्यात पावसाळ्यात चप्पल अडकायची. घर उभं राहिलं, रंगवून झालं. रंगाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बादल्या रंगाऱ्याकडून वहिनींनी भांडून ठेवून घेतल्या. तो म्हणत होता, त्या त्याच्या. वहिनी म्हणाल्या, "रंग आमचा, भित आमची, मंग बादली कशी काय तुझी रं? तुझा ब्रश हाये, तू ब्रश ने." तो हसत ब्रश घेऊन गेला. अण्णानं गावाकडून एस.टी.नं लिंबाचं रोप आणलं, मांडीवर धरून, ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून. अंगणात लावलं, त्याला गोल आळं केलं. पुढे त्या लिंबोणीला इतकी लिंबं लागायची की वहिनी लुगड्याच्या ओच्यात घेऊन घरोघर वाटायच्या आणि वाटताना बजावायच्या, "सरबत करा, लोणचं घाला, पण बिया फेकू नका, आमच्या घरातल्या हायेत त्या."

अण्णा अचानक गेला. दुपारपाळीवरून आला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेला. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत वहिनींचं दुखणं सुरू झालं. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे, घोटे. सकाळी उठलं की हात उघडायचे नाहीत. त्या म्हणायच्या, "रातच्याला कुणी तरी येतंय आन् कुलूप लावून जातंय. चावी कुठं ठेवतंय ते काय सांगंना." डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आमवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्या त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. पण गोळ्यांबरोबर त्यांचं स्वतःचंही शास्त्र होतं. सूज आली की गेरू उगाळून कोमट लेप. गुडघ्याला खडेमीठ तव्यावर तापवून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून शेक. कुणीतरी गव्हाएवढा चुना ताकातून घ्यायला सांगितलं, तो थोडे दिवस घेतला, पोट बिघडलं तेव्हा म्हणाल्या, "भितीला लावायचं भितीलाच लावावं." आणि या सगळ्यात मुख्य ती बादली. त्याच रंगाच्या बादलीत सोसवेल इतकं गरम पाणी, मूठभर खडेमीठ, वरून तुरटीचा खडा फिरवायचा. पहाटे उठल्यावर आधी त्यात पाय सोडून बसायचं, मग वाकून हात.

तुरटी त्यांना छावणीतल्या बाजारातलीच लागायची. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन जायचो. तिथं एका जुन्या दुकानात एक म्हातारे चाचा बसत. वहिनी खडा उचलून उजेडात धरायच्या, जिभेला लावायच्या. चाचा म्हणत, "अम्मा, दाढी करनेवाले भी इत्ता नखरा नहीं करते." वहिनी म्हणायच्या, "दाढीवाल्याचा हात चालतो ना भाऊ. माझा चालंना, म्हणून बघून घ्यायली." चाचांना मराठी नीट येत नव्हतं, वहिनींना त्यांची बोली पुरती कळत नव्हती, पण घासाघीस सुरू झाली की दोघंही खुशीत असत. निघताना चाचा गेरूचा एक तुकडा फुकट टाकत. परतीच्या वाटेवर वहिनी मला सांगायच्या की माणूस चांगलाय, फक्त वजनाच्या वेळी खोकतो.

बादलीनं काय व्हायचं, ते मी नीट सांगतो. दुखणं बरं व्हायचं नाही. डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, या मीठ-तुरटीत काही अर्थ आहे का? ते म्हणाले, "आजार यानं जाणार नाही. त्याला गोळ्याच हव्यात. पण गरम पाण्यानं सांधे मोकळे होतात, माणसाला बरं वाटतं. त्यांना बरं वाटतंय ना? मग राहू द्या." वहिनींचे हात त्या पाण्यातून बाहेर निघाले की काही वेळ उघडत. तेवढ्या वेळात त्या आपले केस विंचरून बुचडा बांधत. केस खूप लांब होते त्यांचे. मोकळे सोडले की खाटेवर टेकायचे. बुचडा बांधून झाला की आरशात न बघता, मागे हात लावून तो नीट बसला का हे चाचपायच्या आणि मग म्हणायच्या, "हं. आता दुनियेला तोंड दाखवायला हरकत नाय." दिवसभरात पुढं मग कपबशी सुटो, पदर सावरायला सुमनला हाक मारावी लागो, त्याचं त्यांना फारसं वाटत नसे. सकाळचा बुचडा त्यांनी स्वतः बांधलेला असे.

मग ते वर्ष आलं. जायकवाडी तळाला गेलं. शहर एवढं वाढलेलं, आमच्या बाभळींच्या जागी चार-चार मजले उभे, बोअर एकामागून एक कोरडे. गल्लीत टँकर येऊ लागला आणि टँकरपुढे भांडणं. मी नुकताच निवृत्त झालो होतो, पाटबंधाऱ्यातला माणूस म्हणून सगळ्यांनी पाळ्या लावायचं काम माझ्याकडे दिलं. मी ते निष्ठेनं केलं, असं तेव्हा मला वाटायचं. कुणाचा ड्रम आधी, कुणाचा नंतर, कुणी आंघोळीचं पाणी कपड्यांना वापरतं का, कपड्यांचं संडासात टाकतं का, इथपर्यंत मी लोकांना विचारत असे. आणि माझ्याच घरी रोज सकाळी एक बादली गरम पाणी लागत होतं.

समोरचा गजानन एकदा टँकरच्या नळीपाशी सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, आमच्या पोरी चार दिसांनी न्हायल्या काल. तुमच्या घरी राणीचं न्हाणीघर हाये म्हणं, पाय बुडवून बसायचं." लोक हसले. गजानन वाईट माणूस नव्हता, त्याच्या घरात खरंच पाणी नव्हतं. पण माझे कान तापले. मी म्हणालो, "ते पाणी वाया जात नाही. ते झाडाला जातं." तसं काही जात नव्हतं. वहिनींच्या बादलीतलं पाणी सुमन संडासात टाकत असे, म्हणजे त्याचाही उपयोग होतच होता. पण संडासात टाकलेलं पाणी गल्लीला दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून बादली मी स्वतः उचलायला लागलो आणि सगळ्या गल्लीच्या देखत अंगणातल्या लिंबोणीच्या आळ्यात ओतायला लागलो.

पहिल्याच दिवशी वहिनी दारातून ओरडल्या, "भाऊजी, काय करायलेत? मिठाचं पाणी हाये ते! तुरटी हाये त्याच्यात. झाड मरंल. संडासात टाका, नायतर मोरीत टाका." मी म्हणालो, "इतक्यानं काय होतंय? झाडालाही क्षार लागतातच." त्या म्हणाल्या, "तुमच्या हापिसात लागत असतील. अण्णाचं झाड हाये, नका घालू." हे त्यांनी एकदा नाही, बऱ्याचदा सांगितलं. सुमननंही सांगितलं. मी ओतत राहिलो. पाऊस नाही, दुसरं पाणी नाही, त्या कोरड्या आळ्यात रोज तेवढं मीठ. मातीवर पांढरं फुटायला लागलं. मला ते दिसत होतं. पण समोर गजानन उभा असे, आणि बादली उचलून उलट आत नेणं मला जमलं नाही.

लिंबोणीची पानं कडेनं करपली, मग गळायला लागली. हिरवी काडी राहिली नाही. टँकरच्या दिवशी गजाननच म्हणाला, "काका, लिंबोणी गेली की वो." पाच-सात बाया ड्रम घेऊन उभ्या होत्या. आणि मी मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनींचं मिठाचं पाणी भोवलं."

वहिनी दारातच होत्या. मला वाटलं होतं, त्या भांडतील. रंगाऱ्याशी भांडलेली बाई ती. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय," त्या म्हणाल्या. "माझंच भोवलं." आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी तापवायला सांगितलं नाही. सुमन भांडं घेऊन विचारायला गेली तर म्हणाल्या, "राहू दे गं. एक झाड बास झालं." मला काय वाटलं असेल? आज लिहायचंच आहे तर लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. एक बादली वाचली आणि गजाननचं तोंडही बंद झालं.

केसांचं त्यानंतर काही आठवड्यांनी झालं. बोटं उघडायचीच थांबली होती, बुचडा बांधता येईना. सुमन बांधून द्यायला तयार होती, एक-दोनदा बांधलाही. वहिनी आरशासमोर बसून राहायच्या, मान खाली. मग एके दुपारी त्यांनी सुमनच्या हातात कात्री दिली. सुमन नाही म्हणाली, रडली. वहिनी म्हणाल्या, "अगं, दुसऱ्याच्या हातचा बुचडा मला टोचतोय. काप." कापलेले केस त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. पाण्यासाठी नाही कापले ते. पाण्याचा त्यात एवढाच संबंध, की बादली असती तर ते कापावे लागले नसते.

गल्लीत बायका विचारू लागल्या, कौसाअक्कांची बादली दिसत नाही हल्ली, केसही कापले. मी सांगून मोकळा झालो, "वहिनींनी स्वतःहून सोडली. म्हणाल्या, आधी झाडाला पाणी, मग मला." झाड तोवर वाळलेलं होतं, पण तेवढा विचार कोण करतं. गल्लीला मी दोन गोष्टी ऐकवल्या होत्या. तिनं दुसरी ठेवून घेतली.

त्या वर्षी गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळानं वहिनींचा सत्कार ठरवला, पाणी वाचवणारी माउली म्हणून. मला वाटलं त्या येणार नाहीत. आल्या. पांढरं लुगडं, कापलेल्या केसांवर डोक्यावरून पदर. भाषण मीच केलं. बरं झालं भाषण. लोक गहिवरले. शाल पांघरली गेली, मग कुणीतरी नारळ त्यांच्या हातात दिला. तो त्यांच्या बोटांत राहीना, घसरून खाली गेला, गडगडत स्टेजच्या कडेपर्यंत. पोरं हसली. मी धावत जाऊन तो उचलला आणि पुन्हा त्यांच्या हातात द्यायला लागलो. तेव्हा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, अगदी शांतपणे, "राहू द्या भाऊजी. तुम्हीच धरा. तुमचाच हाये तो." मग समोर बघून सगळ्यांना हात जोडले. जोडलेले हात नीट मिटत नव्हते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पाणी आलं. बादली पुन्हा सुरू करा असं मी म्हणालो नाही आणि त्यांनी मागितली नाही. सुमननं एकदा न विचारता पाणी तापवून पुढ्यात आणून ठेवलं. वहिनी हसल्या. "सुमन, शाल घेतली की मी. आता पाय बुडवले तर शाल परत द्यावी लागंल." सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो… त्या पाण्यानं मग सुमननं फरशी पुसली.

हे असंच राहिलं. त्या गोळ्या घ्यायच्या, गेरू लावायच्या, सुमनला, लेकीला चार गोष्टी ऐकवायच्या, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या घालायच्या. माझ्याशी बोलणं त्यांनी कधी सोडलं नाही. पण भांडल्या नाहीत परत. आधी माझ्याशी त्या रोज भांडत. चहात साखर कमी, स्कूटर जोरात, वांगी किडकी, सगळ्यावरून. नंतर मी काहीही आणलं तरी, "चांगलं हाये." हे मला फार उशिरा लक्षात आलं. मीरा त्यांना जालन्याला घेऊन गेली तेव्हा रिक्षात बसताना त्यांनी अंगणाकडे पाहिलं. आम्ही सगळ्या अंगणाला फरशी केली होती, फक्त ते गोल आळं तसंच सोडलं होतं. "दुसरं लावा की तिथं," त्या म्हणाल्या. "आता मिठाचं पाणी बंद हाये." मी हो म्हणालो. लावलं नाही.

मीरा मागच्या आठवड्यात आईची ट्रंक न्यायला आली. मी तिला समोरच्या खोलीत बसवलं आणि वर जे लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. सुमन दारात उभी होती, कुठे मी चुकलो की ती दुरुस्त करत होती. मीरा म्हणाली, "म्हणजे आईनं सोडली नव्हती."

"नाही."

"तिच्याकडून काढून घेतली."

"हो."

"मी माझ्या लेकीला हे सांगत वाढवलंय, काका. तिनं शाळेत निबंध लिहिला, माझी आजी म्हणून. बक्षीस मिळालं तिला." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "आन् मी गेलं वर्षभर रोज सकाळी हात दुखले की आईला आठवायची आन् गप बसायची. डॉक्टरकडं जायला लाज वाटायची मला. लाज!"

मी म्हणालो, "म्हणूनच सांगितलं. तुझी आई गप बसणारी नव्हती मीरा. तिला ती बादली हवी होती. ती मागे दारातून ओरडली होती, मी ऐकलं नाही."

माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही तशी अपेक्षा धरली नव्हती. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही हे स्टेजवरून सांगितलं होतं ना? मग आता मला एकटीला खोलीत सांगून कसं चालंल?" त्यामुळे हे लिहिलं आहे. गल्लीतले जे कुणी अजून आहेत, मंडळाचे तेव्हाचे कार्यकर्ते, मीराच्या सासरची माणसं, ज्यांनी ती गोष्ट माझ्याकडून घेऊन पुढे दिली, त्या सगळ्यांना सांगतो. कौसावहिनींनी त्याग केला नव्हता. झाड त्यांनी मारलं नव्हतं, मी मारलं. त्या एक रोखठोक, भांडकुदळ, हसऱ्या स्वभावाच्या बाई होत्या, त्यांना दुखत होतं, आणि त्यांना रोज सकाळी थोडा वेळ बरं वाटायला हवं होतं. निबंध लिहायचाच तर यावर लिहावा.

दुसऱ्या दिवशी सुमन मीराला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या, आईचंच दुखणं आहे, पण वेळेत आली म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर मीरानं विचारलं, "ती बादली आहे का अजून?" होती. टाकीखाली उपडी पडली होती, आत अजून कुठंकुठं भिंतीच्या रंगाचे पिवळे ओघळ. सुमननं पाणी तापवलं. मीठ मी घातलं, मूठभर. तुरटी घरात नव्हती, चाचांचं दुकान कधीच गेलं, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मीरा वहिनींच्या जागेवर, खिडकीखालच्या पाटावर बसली आणि मनगटापर्यंत हात बुडवले. डोळे मिटले तिनं. पाणी निवल्यावर तिनं हात बाहेर काढले, बोटं एकदा उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग मागे हात नेऊन, सुटलेले केस गोळा करून बुचडा बांधला. आरशात पाहिलं नाही. मागे हात लावून फक्त चाचपलं.

नंतर ती बादली उचलून सवयीनं अंगणात निघाली. आमच्या घरात वाढलेलं माणूस पाणी घेऊन निघालं की अंगणाकडेच निघतं. आळ्यापाशी जाऊन ती थांबली. कोरडी, घट्ट बसलेली माती, भोवती फरशी.

"काका," तिनं विचारलं, "कुठं टाकू?"

"मोरीत," मी म्हणालो. "मोरीत टाक."

ती आत आली. पाणी जाताना आवाज झाला, सगळं जाईपर्यंत मी उभा राहून तो ऐकला.